दानवीर श्रेष्ठी जगडूशा

बीड जिल्ह्यातील माणसाला दुष्काळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बालाघाटच्या या भूमीत पाऊस कधी येतो, कधी हुलकावणी देतो. १९७० पासून सलग पाऊस कमी होत गेला आणि १९७२ साली गावोगावची पेवे तळाला गेली. ज्यांनी कधी मजुरी केली नव्हती अशी बागाईतदार घरांतील माणसेही खडी फोडण्याच्या कामावर गेली. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर दिवस निघाले. ज्या घरांत पूर्वीच्या वर्षांची ज्वारी शिल्लक होती, त्या घरांची परीक्षा वेगळीच झाली. आपल्या घरातील धान्य कोणाचे, हा प्रश्न त्यांच्यासमोर रोज सकाळी दारात उभा राहत असे.

महाराष्ट्रात दुष्काळ आणि कोठार हे शब्द एकत्र आले की मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे नाव प्रथम ओठांवर येते. बेदरच्या बादशहाचे कोठार त्यांनी भुकेलेल्यांसाठी खुले केले, ही कथा घराघरांत ठाऊक आहे. परंतु ते कोठार राजाचे होते. दामाजीपंतांच्याही सुमारे दोनशे वर्षे आधी कच्छमधील एका जैन श्रावकाने स्वतःच्या द्रव्याने, दुष्काळ पडण्यापूर्वी, धान्याची कोठारे भरून ठेवली आणि वेळ आली तेव्हा ती मोकळी केली. त्या श्रावकाचे नाव जगडू. लोक त्यांना जगडूशा म्हणतात. पर्युषणातील व्याख्यानात दानाचा विषय निघाला की साधू-साध्वीजी त्यांचे नाव घेतात. आपण ते ऐकतो आणि दानाचा आकडा तेवढा लक्षात ठेवतो. दानाच्या आधी जी तयारी झाली, तिच्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

त्यांच्या चरित्राचा मुख्य आधार म्हणजे सर्वानंदसूरी यांनी संस्कृतात रचलेले सात सर्गांचे जगडूचरित हे काव्य. ते जगडूशांच्या पश्चात लिहिले गेले. जर्मन पंडित ब्यूलर यांनी १८९२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केल्यावर हे चरित्र पाश्चात्त्य विद्वानांपर्यंतही पोहोचले. काव्य म्हटले की चमत्कार आणि अतिशयोक्ती आलीच. बकरीच्या गळ्यातील मण्यामुळे जगडूंचे भाग्य उघडले, समुद्रदेवाने प्रसन्न होऊन त्यांची जहाजे कधीही बुडणार नाहीत असा वर दिला, अशा कथा त्यात आहेत. त्या श्रद्धेने ऐकाव्यात. मात्र त्यांच्या आडून एक हिशेबी, सावध आणि मोठ्या काळजाचा व्यापारी स्पष्ट दिसतो, आणि आपल्याला त्याच्याशीच कर्तव्य आहे.

जगडूशांचे घराणे श्रीमाळी वणिकांचे. पूर्वज कंथकोट येथे राहत. वडील सोळ (सोलक) हे तेथून भद्रेश्वर येथे येऊन स्थायिक झाले. आईचे नाव श्री. जगडू, राज आणि पद्म असे तीन बंधू. भद्रेश्वर हे कच्छच्या आखातावरील बंदर, आज मुंद्रा तालुक्यात मोडते. तेराव्या शतकात तेथून इराणच्या आखातापर्यंत जहाजांची ये-जा होती. परदेशी मुसलमान व्यापाऱ्यांचीही वस्ती तेथे होती आणि तिची साक्ष देणाऱ्या वास्तू भारतातील सर्वांत जुन्या इस्लामी वास्तूंमध्ये गणल्या जातात. अशा बंदरात वाढलेल्या मुलाला जगाचा भाव लहानपणीच कळला असेल तर नवल नाही.

त्या काळी गुजरातेत अणहिलवाड पाटण येथे वाघेला घराण्याचा विसलदेव राज्य करीत होता आणि आपला बीडचा परिसर देवगिरीच्या यादवांच्या राज्यात होता. दोन्ही राज्यांत वैर होते. अंबाजोगाईचे खोलेश्वर मंदिर ज्याच्या नावाने आहे तो सेनापती खोलेश्वर यादवांच्या बाजूने गुजरातवर चालून गेला होता आणि त्याचा पुत्र राम पुढे गुजरातच्याच स्वारीत कामी आला. ज्ञानेश्वर माउलींचा जन्म व्हायला अजून वीसेक वर्षे अवकाश होता. म्हणजे जगडूशांची कथा दूर कच्छची असली तरी काळ आपल्या अगदी ओळखीचा आहे.

त्यांच्या व्यापाराची एक हकीकत काव्यात आहे. जयंतसिंह नावाचा त्यांचा मुनीम माल घेऊन होर्मुझ बंदरात गेला. तेथे एक दगड विकाऊ होता. खंभातच्या एका मुसलमान व्यापाऱ्याच्या माणसाने त्यावर बोली लावली. जयंतसिंहाने वर बोली केली. असे करत करत भाव तीन लाख दिनारांवर गेला आणि दगड जयंतसिंहाने घेतला. जहाज भरून माल न्यावा आणि एक दगड घेऊन परत यावे, अशी स्थिती झाली. मुनीम भीतभीत धन्यासमोर उभा राहिला. जगडूशांनी त्याला रागावण्याऐवजी त्याचा सन्मान केला, कारण परमुलखात त्याने पेढीची पत राखली होती. पुढे त्या दगडातून रत्ने निघाली असे काव्य सांगते. रत्ने निघाली नसती तरी हिशेब चुकला असे म्हणता येत नाही. ज्याच्या शब्दावर परमुलखात माल मिळतो, त्याच्याच शब्दावर पुढे दुष्काळाच्या तोंडावर गावोगावचे धान्य मिळू शकले.

घरात मात्र सुख पुरते नव्हते. पत्नी यशोमती. पुत्र नव्हता. बंधू राज यांच्या मुलांनाच त्यांनी आपले मानले. प्रीतिमती नावाची एकुलती एक कन्या यशोदेव नावाच्या तरुणाला दिली होती, पण विवाहानंतर लवकरच जावई निवर्तला. त्या काळात, उच्च म्हणवणाऱ्या कुळात, जगडूशांनी मुलीचा पुनर्विवाह करण्याचे मनात आणले आणि नातलगांची संमतीही मिळवली. परंतु कुळातील दोन वृद्ध विधवा नटूनथटून त्यांच्यासमोर आल्या आणि विधवा मुलीसाठी वर शोधणार असाल तर आमच्यासाठीही शोधा, अशा अर्थाचे बोलल्या. जगडूशांनी तो विचार सोडला आणि मुलीच्या श्रेयासाठी विहिरी, जलाशय व धर्मस्थाने बांधली. त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग व्याख्यानांत सहसा सांगितला जात नाही. तो सांगायला हवा. राजाला उत्तर देऊ शकणारा हा पुरुष घरातील दोन म्हाताऱ्यांपुढे माघार घेतो. कुळाचे भय राजभयापेक्षा मोठे होते. प्रीतिमतीचे पुढील आयुष्य कसे गेले असेल, या विचाराने आजच्या वाचकालाही बरे वाटणार नाही.

दुसरा प्रसंग भद्रेश्वरच्या तटाचा आहे. पारकरच्या पीठदेव नावाच्या राजाने भद्रेश्वरवर चाल करून तट पाडला होता. जगडूशांनी तो पुन्हा बांधायला घेतला, तेव्हा गाढवाला शिंगे फुटतील त्या दिवशी हा तट उभा राहील, असा निरोप पीठदेवाने पाठवला. जगडूशांनी पाटणहून लवणप्रसादाचे सैन्य मागवले, तट पुरा केला आणि त्याच्या एका कोपऱ्यात सोन्याची दोन शिंगे असलेले दगडी गाढव बसवले. शत्रूला असे डिवचणे श्रावकाला शोभणारे नव्हते, पण हा माणूस केवळ चित्रातला दानवीर नव्हता, त्याला राग येत असे आणि विनोदही कळत असे, हे यातून दिसते.

शत्रुंजय आणि गिरनारचा संघ त्यांनी काढला. भद्रेश्वरच्या प्राचीन जिनालयाचा जीर्णोद्धार केला. ठिकठिकाणी मंदिरे, विहिरी, प्रपा म्हणजे पाणपोया उभारल्या. त्याचबरोबर भद्रेश्वरमध्ये व्यापाराला येणाऱ्या मुसलमानांसाठी त्यांनी मशीद बांधून दिल्याचा उल्लेख त्याच काव्यात, एका जैन सूरींच्याच लेखणीतून आला आहे. तो त्यांनी लपवलेला नाही.

आता मुख्य विषयाकडे यावे. पौर्णिमा गच्छाचे आचार्य परमदेवसूरी हे जगडूशांचे गुरू. विक्रम संवत १३१२, म्हणजे इसवी सन १२५५-५६ च्या पुढे तीन वर्षे मोठा दुष्काळ पडेल, असे भाकीत त्यांनी जगडूशांना सांगितले आणि आपल्या माणसांना देशोदेशी पाठवून सर्व प्रकारचे धान्य जमा करण्यास सुचवले. भाकितावर आजचा शिकलेला माणूस चटकन विश्वास ठेवणार नाही. पण चातुर्मास सोडला तर साधू महाराज आठ महिने पायी फिरतात. गावोगावच्या विहिरींची पातळी, गुरांची स्थिती, गोचरीला गेल्यावर घराघरांतील रांजण आणि कणग्या त्यांच्या नजरेस पडतात. देशाची खरी खबर त्या काळी विहार करणाऱ्या संतांइतकी कोणाला असणार? ज्ञानाने असो वा निरीक्षणाने असो, गुरूंनी सांगितले आणि शिष्याने ऐकले, एवढे खरे.

ऐकणे सोपे नव्हते. गुरूंचा शब्द खोटा ठरून पाऊस चांगला झाला असता तर घेतलेल्या धान्याचे भाव पडले असते. मुद्दल अडकले असते, त्यावरील व्याज बुडाले असते आणि कीड, उंदीर, ओल यांनी होणारी घट वेगळीच. खरेदी एकाच बाजारात एकदम केली की भाव कडाडतात, हे बाजारात बसणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. म्हणून माणसे देशोदेशी पाठवण्याची सूचना व्यापारी दृष्टीनेही शहाणपणाची होती. ज्या मुलखात पीक बरे आले तेथून थोडे थोडे उचलावे, म्हणजे तेथील गरिबाच्या ताटालाही धक्का लागत नाही. जगडूशांनी याच क्रमाने खरेदी केली असेल असे अनुमान करता येते. काव्य त्या तपशिलात शिरत नाही, कवींना खतावणीत रस नसतो.

येथे एक शंका कोणाच्याही मनात येईल. दुष्काळ येणार हे आधी कळलेला आणि बाजारातील धान्य विकत घेऊन कोंडून ठेवणारा व्यापारी म्हणजे साठेबाज. आज अत्यावश्यक वस्तू कायदा १९५५ नुसार अशा माणसाच्या गोदामावर छापा पडू शकतो. व्यापारी समाजावर हा आरोप पिढ्यान् पिढ्या होत आला आहे आणि तो प्रत्येक वेळी खोटा होता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. शिवाय श्रावकाचे पाचवे अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे. शेत, घर, सोने, चांदी यांच्याप्रमाणे धन-धान्याचीही मर्यादा श्रावकाने बांधून घ्यावयाची असते. मग तीन वर्षे पुरेल एवढे धान्य भरणारा श्रावक व्रतात राहिला कसा?

याचे उत्तर जगडूशांनी धान्य भरतानाच दिले होते. कोठारांत त्यांनी ताम्रपट ठेवले आणि त्यांवर हे धान्य गरिबांसाठी आहे असे कोरवले. म्हणजे धान्य आले त्या दिवशीच ते त्यांच्या मालकीच्या खात्यातून निघाले. त्यांच्याकडे राहिली ती राखण. भाव चौपट झाल्यावर मन पालटू शकते, आपल्या मागे मुलांचे किंवा भावांचे मन पालटू शकते, हे त्या अनुभवी माणसाने ओळखले असावे. दुष्काळ पडल्यावर दानाची घोषणा करणारे पुष्कळ निघतात. भाव पडलेला असताना, कोणी पाहत नसताना, स्वतःचा हात बांधून घेणारा विरळा. ताम्रपट हा खरे तर स्वतःवरच लिहून ठेवलेला रोखा होता.

धान्य वर्षानुवर्षे राखणे हेही मोठे काम. मराठवाड्यातील जुन्या पिढीला ते चांगले ठाऊक आहे. पेव काळ्या मातीत खणत नाहीत. काळी माती ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पेव गावठाणाच्या पांढरीत खणावयाचे, तळाला आणि कडेने कडबा व भुसा लावावयाचा, चांगले कडक वाळवलेले धान्य भरावयाचे आणि तोंड मातीने लिंपून बंद करावयाचे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत. कोंडलेली हवा निघून जाऊ देतात, कंदील सोडून पाहतात, दिवा विझला तर माणूस आत जात नाही. आत उतरण्याची घाई करून प्राण गमावलेल्यांच्या हकिकती अनेक गावांत ऐकायला मिळतात. वाड्यांच्या जाड भिंतींत बळदे असत, लहान घरांत शेणाने सारवलेल्या कणग्या.

जैन घरात या कामाला आणखी एक पदर असतो. धान्यात जीव पडल्यावर ते निवडणे म्हणजे हिंसा जवळ येणे. म्हणून जीवोत्पत्ती होऊच नये अशी जयणा आधी पाळावयाची. चैत्र-वैशाखाच्या उन्हात धान्य वाळवून, थंड करून मगच भरावयाचे, डाळीला आणि गव्हाला एरंडेलाचा हात द्यावयाचा, कडुलिंबाचा सुकलेला पाला किंवा बिब्बे घालावयाचे, काही घरांत चाळलेली राख. पिठाची मर्यादा ऋतूनुसार मोजक्याच दिवसांची, पावसाळ्यात सर्वांत कमी. म्हणून श्रावकाच्या घरात पीठ साठत नाही, अखंड धान्य साठते आणि दळण लागेल तसे होते. कंदमुळे वर्ज्य, चातुर्मासात पालेभाजी बंद, तेव्हा कडधान्ये, पापड, सांडगे, वाळवलेल्या भाज्या यांचे वाळवण उन्हाळ्यातच करून ठेवावे लागते. आपल्या आजी-आईंनी हे सारे धर्म म्हणून केले. पण त्यामुळेच पावसाळ्यात नदी-नाल्यांना पूर येऊन रस्ते तुटले, दंगलीत बाजार बंद राहिले, किंवा २०२० साली टाळेबंदी लागली, तेव्हा ज्या घरांत वर्षाचे धान्य भरण्याची रीत टिकून होती त्या घरांना पहिले आठवडे जड गेले नाहीत. आता फ्लॅटमध्ये कणगीला जागा नाही आणि दर महिन्याच्या किराण्यावर घर चालते. ज्यांनी रीत सोडली त्यांनी निदान काय सोडले ते जाणून असावे. जगडूशांची कोठारे म्हणजे याच घरगुती रिवाजाचे विराट रूप. वाळवणे, भरणे, लिंपणे, राखण करणे, यांखेरीज तीन वर्षे धान्य टिकण्याचा दुसरा मार्ग त्या काळी नव्हता.

संवत १३१२ नंतर भाकीत खरे ठरले. गुजरातेत संवत १३१५ चा दुष्काळ पनरोतरो म्हणजे पंधरा सालचा काळ या नावाने लोकांच्या स्मरणात राहिला. पहिले वर्ष लोकांनी घरातील शिलकीवर काढले असेल. दुसऱ्या वर्षी बियाणेही खाल्ले गेले असेल. तिसऱ्या वर्षी राजाचेही कोठार आटले. विसलदेवाने नागड या मंत्र्याकरवी जगडूशांना पाटणला बोलावून घेतले. तुमची सातशे कोठारे भरलेली आहेत असे ऐकतो, त्यांतील धान्य आम्हाला विकत द्या, अशी राजाची मागणी होती. राजाची मागणी म्हणजे आज्ञाच. जगडूशांनी नम्रपणे सांगितले की आपल्याजवळ आपल्या मालकीचे धान्य नाही. शंका असेल तर कोठार उघडून पाहावे. कोठार उघडले तेव्हा ताम्रपट निघाला. गरिबांच्या नावावर असलेले धान्य राजाला विकता येत नव्हते. परंतु राजाच्या प्रजेतही भुकेलेले होते, म्हणून त्यांनी विसलदेवाला आठ हजार मुडे धान्य दिले, आणि तेही मोल न घेता.

मुडा हे धान्याचे माप. कोकणात भाताच्या पेंढ्यात बांधलेल्या तांदळाच्या गठ्ठ्याला मुडा म्हणतात, तो शब्द आपल्याला परिचित आहे. परंपरेने सांगितलेला हिशेब असा की विसलदेवाला आठ हजार, सिंधच्या हमीराला बारा हजार आणि दिल्लीच्या सुलतानाला एकवीस हजार मुडे दिले. माळवा आणि काशीच्या राजांचीही नावे काव्यात आहेत. एकूण दान नऊ लाख नव्याण्णव हजार मुडे धान्य आणि अठरा कोटी द्रम्म एवढे सांगितले आहे. शेवटी नव्याण्णव हजार येणारा आकडा पाहून कोणताही हिशेबनीस भुवया उंचावील. काव्यात दिल्लीच्या सुलतानाचे नाव मोजदीन दिले आहे, तर त्या वर्षांत दिल्लीच्या तख्तावर नासिरुद्दीन महमूद होता. तेव्हा आकडे आणि राजांची यादी जशीच्या तशी इतिहास म्हणून पुढे करू नये. आपल्या व्याख्यानांत व पुस्तिकांत ती तशी केली जाते आणि मग बाहेरचा अभ्यासक सारीच कथा खोटी ठरवतो. आकडे बाजूला ठेवले तरी दुष्काळ, कोठारे आणि त्यांवरील गरिबांची मालकी एवढे उरते, आणि तेवढे पुरेसे आहे.

राजांना दिलेल्या धान्यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे एकशे बारा दानशाळा. ठिकठिकाणी अन्नछत्रे उघडून जो येईल त्याला जेवू घातले गेले. जात, पंथ विचारला नाही. साधर्मिक भक्तीच्या बरोबरीने अनुकंपा दान आपल्या धर्मात सांगितले आहे आणि त्यात पात्र-अपात्र पाहावयाचे नसते, भूक तेवढी पाहावयाची असते.

तरीही एक वर्ग असा होता की जो दानशाळेत येणार नव्हता. कालपर्यंत ज्यांच्या दारात इतर लोक येत, अशी ती घरे. पंगतीत बसण्यापेक्षा दार लावून उपाशी राहणे त्यांना सोपे वाटत होते. १९७२ साली आपल्या भागातही अशी घरे होती, हे वयस्कर मंडळी जाणतात. जगडूशांनी त्यांच्यासाठी लज्जापिंड तयार करवले. लाडवात सोन्याचे दिनार घालून ते रात्रीच्या वेळी अशा घरांना पोहोचते केले जात. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या श्रावकाने रात्र निवडली ती खाण्यासाठी नव्हे. देणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंड पाहू नये, एवढ्यासाठी. लाडू हे खाद्य, तेव्हा भिक्षा घेतली असे कोणाला वाटू नये. आतले नाणे घर पुढे चालवायला. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी बसवण्याच्या आजच्या रिवाजात हा लज्जापिंड कोठे बसवावा, ते वाचकांनीच पाहावे.

तीन वर्षांनी पाऊस आला. शेते पिकली, दानशाळांतील गर्दी ओसरली. जगडूशांच्या पुढील आयुष्याबद्दल काव्य थोडक्यात बोलते. विसलदेवानंतर अर्जुनदेव गादीवर आला, त्याच्या काळात जगडूशांचे देहावसान झाले. वार्ता ऐकून दिल्लीच्या सुलतानाने डोक्यावरचा मुकुट उतरवला, अर्जुनदेव रडला, सिंधच्या राजाने दोन दिवस अन्न घेतले नाही, असे वर्णन आहे. ज्या राजांना धान्य दिले त्यांच्याच या प्रतिक्रिया. दानशाळेत जेवलेल्या माणसांनी त्या दिवशी काय केले, हे लिहून ठेवायला कोणी नव्हते.

राज आणि पद्म या बंधूंना गुरूंनी सांत्वन करून धर्मकार्यात पुन्हा उभे केले आणि त्यांनी थोरल्या भावाचे काम पुढे चालवले. ज्या जिनालयाचा जगडूशांनी जीर्णोद्धार केला, ते भद्रेश्वरचे वसई तीर्थ पुढील शतकांत अनेकदा पडले आणि अनेकदा उभे राहिले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात ते पुन्हा उद्ध्वस्त झाले आणि श्रीसंघाने ते पुन्हा बांधले. आज कच्छच्या पंचतीर्थीला जाणारे यात्रेकरू तेथे थांबतात.